आपल्या सरदाराचा पत्ता लागला

बर्क्स काउंटी, पेन्सिल्व्हेनिया
९ जून १९८३

तीर्थरूप हेटीआत्या यांस,

तुमच्या थोरल्या भावाच्या शेंडेफळाचा, म्हणजे लामारचा, टोपी काढून आणि (अर्डेलने मागून कोपर मारल्यामुळे) मानही लववून नमस्कार. फ्लोरिडाच्या उन्हाने तुमचे गुडघे सैलावले की नाही ते कळवावे. शेजारच्या घरातली न्यूयॉर्कची बाई अजून मोठ्याने रेडिओ लावते का, आणि तुम्ही अजून काठीने भिंत ठोकता का, तेही कळवावे. इकडचं म्हणाल तर अर्डेल ठणठणीत आहे आणि तिच्या मते मलाही काही झालेलं नाही. (माझ्या कमरेत उसण भरली आहे. तिचा आपल्या मूळपुरुषाशी थेट संबंध आहे, तेव्हा ती ओघात येईलच.)

पत्राला उशीर झाला खरा. मार्चमध्ये तुमचा हुकूम आला की यंदा जर्मन माणसं या मुलखात उतरल्याला तीनशे वर्षं होतात, गावोगाव समारंभ चाललेत, तेव्हा सप्टेंबरात आपल्या स्विंट कुळाचा मेळावा भरेल त्या दिवशी टेकडीवरच्या चर्चच्या भिंतीवर मूळपुरुषाच्या नावाची पितळी पाटी लागलीच पाहिजे. चर्चची समिती म्हणाली, भिंत देवाची आहे, वाटेल ते कोरता येणार नाही, आधी कागद दाखवा. त्यावर तुम्ही मला लिहिलंत, "लामार, तीस वर्षं तू टपाल वाटतोस. जगाचे पत्ते शोधतोस, एक आपल्या माणसाचा शोध." आत्या, मी ज्यांचे पत्ते शोधतो त्यांच्या दारात पत्रपेटी असते आणि पेटीवर नाव असतं. दोनशे वर्षांपूर्वी वारलेला माणूस अशी काही सोय करून जात नाही. पण तुमच्यापुढे नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. (वडिलांनी एकदाच म्हणून पाहिलं होतं, १९३८ साली. त्याची आठवण ते शेवटपर्यंत काढायचे.)

काय शोधायचं ते तर आम्हाला पाठच होतं. दर मेळाव्याला तुम्ही बाकावर उभ्या राहून सांगत आलात. मूळपुरुष योहान याकोब फॉन गेश्विंट (त्याचंच पुढे झिजून स्विंट झालं). ऱ्हाइनकाठचा सरदार, तिथल्या राजाच्या बागांचा मुख्य. गुलाबांवरून राजाशी खटका उडाला म्हणून बाणेदारपणे राजीनामा देऊन दोन भावांसह निघाला. (एक भाऊ दक्षिणेकडे गेला आणि एक समुद्रात पडला. अमेरिकेत येणाऱ्या प्रत्येक कुळात भाऊ तीनच असतात आणि त्यांतला एक पडतोच. मला त्या समुद्राची काळजी वाटते.) निघताना राजाला गहिवरून आलं आणि त्याने तांब्याचा मोठा हंडा भेट दिला. तोच हा हंडा, ज्यात आपण मेळाव्याला सफरचंदाचा काळा मुरंबा घोटतो. राजे लोक माळ्याला निरोप देताना एवढा थोरला हंडा कशाला देतील, असं मी सात वर्षांचा असताना विचारलं होतं. तुम्ही मला मुरंबा ढवळायला उभं केलंत ते तिन्हीसांजेपर्यंत. त्यानंतर मला इतिहासातल्या शंका आल्या नाहीत.

तर एप्रिलच्या पहिल्या सोमवारी रजा काढून मी फिलाडेल्फियाला गेलो, जहाजांच्या याद्या पाहायला. आपल्या काउंटीतली प्रत्येक कच्ची वाट मी डोळे मिटून गाडी चालवावी इतकी माझ्या ओळखीची आहे (अर्डेल म्हणते, मिटलेले असतातच), पण फिलाडेल्फियात मी एकाच पुलावरून चार वेळा गेलो. चौथ्या वेळी पुलावरच्या पोलिसाने मला हात केला. ओळख झाली होती. शेवटी दफ्तरखाना सापडला, तर तिथे पेन चालत नाही, पिशवी चालत नाही, खाणं तर मुळीच चालत नाही. पेन आणि पिशवी मी दारात दिली. कोटाच्या आतल्या खिशात अर्डेलने बांधून दिलेलं धुरी दिलेल्या सॉसेजचं सँडविच होतं, ते मात्र मी दिलं नाही, कारण मला त्याबद्दल नेमकं कोणी विचारलं नाही. अर्ध्या तासाने तिथली चष्मेवाली मुलगी नाक वर करून फिरायला लागली. मग तिचा साहेब आला. दोघं म्हणाली, कुठल्यातरी जुन्या दप्तराला बुरशी धरली. त्यांनी घाबऱ्या घाबऱ्या तीन गठ्ठे सोडले, एकेक पान हुंगलं, आणि मीही शिष्टाचार म्हणून त्यांच्याबरोबर हुंगत होतो. पण मी ज्या गठ्ठ्यापाशी जाई तिथेच वास वाढे. हे त्या मुलीच्या लक्षात आलं आणि उरलेलं जेवण मी पायऱ्यांवर बसून केलं.

पण यादी सापडली, आत्या. १७५० सालचं जहाज. किनाऱ्यावर उतरलेल्या प्रत्येकाला इंग्रज कारकून नाव विचारी आणि राजनिष्ठेच्या शपथेखाली सही घेई. आपल्या सरदाराने सहीच्या जागी फुली मारली आहे. वाकडी. बागांची दफ्तरं सांभाळणाऱ्या माणसाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, असं त्यावरून दिसतं. मग कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. काय लिहिलं हे तुम्ही बसून वाचावं. जेकब स्वाइन. म्हणजे डुक्कर. हा दुसराच कोणी असेल अशी मला शेवटपर्यंत आशा होती, पण त्याच जहाजाच्या कप्तानाची वेगळी यादी आहे आणि तिच्यात त्याच जागी स्पष्ट 'योहान याकोब गेश्विंट' आहे. सरदारकीचा 'फॉन' कुठे नाही. भाऊ एकही नाही, पडलेलासुद्धा नाही. पुढे एका ओळीची नोंद आहे की प्रवासाचं भाडं भरायला जवळ काही नव्हतं, म्हणून कप्तानाने त्याला चार वर्षांच्या चाकरीवर आपल्याच भागातल्या एका शेतकऱ्याला देऊन टाकलं. शेतकऱ्याच्या नावावर शाईचा डाग पडला आहे. मी त्या डागाकडे बराच वेळ पाहिलं. मग त्या चष्मेवाल्या मुलीने माझा कोट पाहिला आणि मी निघालो.

घरी येताना मी ठरवलं, कागद काय, उंदीरही खातात. दगड खोटं बोलत नाही. टेकडीवरच्या चर्चमागे जुन्या थडग्यांच्या कोपऱ्यात शेवाळाने भरलेला एक दगड आहे, त्यावर 'योहान यो' एवढंच वाचता येत होतं. (त्या काळी सगळ्याच मुलांचं पहिलं नाव योहान ठेवत. आईने दारात उभं राहून 'योहान' अशी हाक मारली तर सहा पोरं जेवायला यायची.) मला वाटलं, 'यो' म्हणजे 'योहान याकोब'मधलाच 'या', कोरणाऱ्याचा हात घसरला असेल. तीन शनिवार मी तो दगड मऊ ब्रशने घासला. भोवतीचं गवत काढलं, जिरेनियमची रोपं लावली. काम करता करता त्याच्याशी बोलू लागलो. आपल्या कुळात कोण कोण झालं, कोण कुठल्या लढाईत गेलं, वडिलांचा दमा, माझं पोस्टखातं, सगळं सांगितलं. एकदा डोळ्यांत पाणीही आलं. तिसऱ्या शनिवारी उरलेली अक्षरं उघडी पडली. योहान योस्ट ओबरडॉर्फ.

आणि मागे पाहिलं तर टोपी छातीशी धरून पॅल्मर ओबरडॉर्फ उभा.

आता ओबरडॉर्फ म्हणजे कोण हे मी तुम्हाला सांगायला नको. गुरांच्या खाद्याची गिरणी असलेला हा माणूस, त्याचा बाप, त्याचा आजा, सगळे पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला पाठीमागून 'हंडेचोर' म्हणत आले. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तुम्ही म्हणायचात, जळतात. त्यामुळे आपणही पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या गिरणीतून खाद्य घेतलं नाही.

"लामार," तो म्हणाला, "दोनशे वर्षांत तुमच्यातल्या कोणी आमच्यासाठी बोट उचललं नव्हतं रे. आणि तू आमच्या पूर्वजाचं थडगं घासतोयस. रडत घासतोयस."

आत्या, अशा वेळी माणसाने खरं बोलावं की शोभेल ते बोलावं? मी म्हणालो, "शेजारधर्म आहे, पॅल्मर." दुसऱ्या दिवशी त्याने कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं पाठवलं. आमच्याकडे कोंबड्या नाहीत. (आता आहेत. पोतं वाया जाऊ नये म्हणून अर्डेलने चार आणल्या.)

मे महिन्यात मी रेडिंगला गेलो. तिथल्या इतिहास मंडळात जुनी जर्मन वर्तमानपत्रं फिल्मवर उतरवून ठेवली आहेत. यंत्रासमोर बसायचं, हँडल फिरवायचं, आणि डोळ्यांपुढून काटेरी कुंपणासारखी अक्षरं पळत जातात. दोन तासांत मला बोट लागली. मूळपुरुषाला समुद्रात जेवढा त्रास झाला नसेल तेवढा मला खुर्चीत झाला. आणि तेवढ्यात १७५३ च्या एका अंकात, हरवलेल्या गाईच्या आणि घोड्याला लागू पडणाऱ्या मलमाच्या मध्ये, आपला माणूस भेटला. सगळी जाहिरात इथे उतरवतो. उभ्या असाल तर बसा.

"पळाला आहे. खाली सही करणाराच्या घरून गेल्या रविवारी, योहान याकोब गेश्विंट नावाचा चाकर. वय सुमारे बावीस. बुटका, नाक डावीकडे गेलेलं. बोलतो फार, दारू पोटात गेल्यावर त्याहून फार. व्हायोलिन वाजवता येतं असं तो म्हणतो. अंगावर धन्याची नवी कातडी विजार. सोबत तांब्याचा मोठा हंडा, बुडाला घोड्याच्या नालाच्या आकाराचं ठिगळ. हंडा आणून देणारास योग्य बक्षीस. चाकरही आणल्यास थोडं अधिक, पण फार नाही. योहान योस्ट ओबरडॉर्फ."

मी यंत्र बंद केलं. टोपी घेतली. घरी येऊन थेट कोठारात गेलो, हंडा उपडा केला आणि बुडाचं शंभर वर्षांचं काजळ खरवडलं. ठिगळ आहे, आत्या. नालाच्या आकाराचं आहे. खिळ्यांची भोकंसुद्धा मोजता येतील असं हुबेहूब.

त्या दिवशी माझं जेवणात लक्ष नव्हतं. एकीकडे तुमची पाटी, दुसरीकडे कोपऱ्यात कोंबड्यांचं खाद्य. मी ठरवलं की जाहिरात कोणाला सांगायचीच नाही. तुम्हाला लिहायचं, कागद सापडला नाही. समितीला सांगायचं, उंदीर. अर्डेल बटाटे सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सुरी खाली ठेवली. (ती सुरी खाली ठेवते तेव्हा मी नीट ऐकतो.)

"लामार," ती म्हणाली, "तो हंडा उचलून पळून दाखव."

"म्हणजे?"

"जाहिरातीत बुटका लिहिलंय ना? तू त्याच्याहून हातभर उंच आहेस. उचल आणि फाटकापर्यंत पळ."

इथे माझी कंबर येते. मी हंडा डोक्यावर घेतला, तर पुढचं दिसेना. पोटाशी धरला, तर गुडघे त्यावर आपटून चर्चच्या घंटेसारखा आवाज व्हायला लागला. पाठीवर घेतला आणि सात पावलं गेलो. आठवं पाऊल मी अर्डेलच्या रताळ्याच्या वाफ्यात टाकलं, तिथेच मी राहिलो आणि हंडा उतारावरून एकटा फाटकापर्यंत गेला. मी वाफ्यातून म्हणालो, उचल मला. ती म्हणाली, थांब, विचार करते आहे. मग तिने कुंपणाची काठी उपटली, हंड्याच्या कडीत घातली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. दुसरं तिने धरलं. आत्या, आम्ही दोघं डोलीसारखा तो मध्ये टांगून अंगणभर फिरलो. अगदी सहज.

"बघ," ती म्हणाली. "एकट्याचं काम नव्हतं. काठीच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं ते शोध."

मी चाट पडलो. चौतीस वर्षं ही बाई माझ्याशी संसार करते आहे आणि मी तिला बटाटे सोलायला लावतो.

टेकडीवरच्या चर्चची जुनी नोंदवही मिस सेविला केमरर यांच्या ताब्यात असते, हे तुम्हाला माहीत आहेच. तुम्ही १९५६ साली त्यांच्या ऑर्गनवादनाला 'दळण' म्हणाला होता, हे त्यांनाही माहीत आहे. मी दारात नाव सांगताच त्या म्हणाल्या, "हेटीचा भाचा ना? हेटीला कळव, मी अजून वाजवते." एवढं कळवायचं कबूल केल्यावर (कळवलं) त्यांनी कपाट उघडलं. जुन्या पाद्र्याचं अक्षर म्हणजे मुंगळे शाईत बुडून कागदावरून घरी निघालेले, पण मिस सेविलांना ते वर्तमानपत्रासारखं वाचता येतं. त्या बोट फिरवत गेल्या आणि एकदम थांबल्या. चष्मा पुसला. मग मोठ्याने वाचलं:

"१७५४, फेब्रुवारी. लग्न. याकोब गेश्विंट, चाकर, आणि आना मारिया, योहान योस्ट ओबरडॉर्फची थोरली मुलगी. बापाची संमती विचारली नाही. मुलीच्या पोशाखावरून घाई असल्याचं मला दिसलं, म्हणून मीही फार विचारलं नाही."

आणि त्याखाली, तीनच महिन्यांनी: "बाप्तिस्मा. वरील दोघांचा मुलगा, योहान योस्ट. साक्षीला धर्मपिता म्हणून आजोबा योहान योस्ट ओबरडॉर्फ स्वतः उभे राहिले. चर्चच्या आवारात प्रथम भांडले, मग रडले, मग मूल मागून घेतलं आणि कोणाला परत देईनात."

मिस सेविलांनी पानावरून हळूच हात फिरवला. त्या म्हणाल्या, "हा पाद्री मला नेहमीच आवडत आला आहे."

म्हातारा रागावला होता तो हंड्यासाठी नव्हे, आत्या. पोरगी पळाली हे चारचौघांत छापायची लाज वाटली, म्हणून बिचाऱ्याने हंड्याची जाहिरात दिली. आता ती पुन्हा वाचा. 'हंडा आणून देणारास योग्य बक्षीस.' मी ती गाडीत पुन्हा वाचली आणि मला रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं.

हे सगळं झाकून ठेवायची सोय आता राहिली नव्हती, कारण अर्डेलने हंडा आधीच गाडीत चढवला होता. आम्ही पॅल्मरच्या गिरणीवर गेलो. मी त्याच्यासमोर हंडा ठेवला, वर जाहिरात ठेवली आणि म्हणालो, "पॅल्मर, तुम्ही बरोबर होता. हा तुमचा." त्याने चष्मा लावून जाहिरात वाचली. चेहरा असा उजळला, जणू त्याचा बाप, आजा, पणजा ओळीने मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग अर्डेलने त्याच्या हातात नोंदवहीची नक्कल दिली. ती वाचायला त्याला वेळ लागला. टोपी काढून डोकं खाजवलं. एकदा हंड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग माझ्या नाकाकडे.

"म्हणजे तुम्ही सगळे आमच्या मुलीचे," तो म्हणाला.

"तसं दिसतंय."

"आणि हेटीसुद्धा ओबरडॉर्फ?"

"आठवा हिस्सा तरी नक्की," मी म्हणालो. (गणित चुकलं. अर्डेल म्हणते, त्याच्याही कितीतरी कमी.)

त्यानंतर पॅल्मर जे हसला, आत्या, ते ऐकून गिरणीतले लोक बाहेर आले. धान्याच्या पोत्यावर बसून हसला. डोळे पुसून म्हणाला, "अरे लामार, पोरगी सासरी जाताना घेऊन गेली ना? मग तो चोरीचा कसा? आंदणाचा आहे तो! घेऊन जा परत. आणि सप्टेंबरात आम्ही सगळे येतो मुरंबा खायला. माहेरची माणसं म्हणून येतो." आत्या, ओबरडॉर्फ एकूण चाळीस आहेत. ते खातातही ओबरडॉर्फांसारखे.

आता एक नाजूक गोष्ट. समितीला दाखवायला तुम्ही पुठ्ठ्याच्या पेटीतून जे पुरावे पाठवलेत, त्यात राजाचं पत्र आहे. 'आमचे परमप्रिय सरदार गेश्विंट' वगैरे. साल १७४९. आत्या, ते निळ्या बॉलपेनने लिहिलेलं आहे. 'जी' या अक्षराची शेपटी जशी वळते तशी शेपटी मी जगात दुसऱ्या एकाच ठिकाणी पाहिली आहे, माझ्या वाढदिवसाच्या पत्रांवर. मी ते पत्र समितीला दाखवलं नाही. हसलोही नाही. वडिलांनी मला एकदा सांगितलं होतं, १९१८ साली जर्मनीशी लढाई चालू असताना शाळेत तुम्ही मधल्या सुट्टीत त्यांना आपल्या जर्मन बोलीत हाक मारलीत, तर बाईंनी तुम्हाला वर्गापुढे उभं केलं आणि पोरांनी घरापर्यंत चिखल मारत आणलं. अकरा वर्षांच्या होता तुम्ही. वडील म्हणाले, त्या दिवशी ही घरी आली, तोंड धुतलं, आणि जेवताना पहिल्यांदा म्हणाली की आपण सरदारांचे वंशज आहोत. कोणीच तिला नाही म्हणालं नाही.

मीही आजवर म्हणालो नाही. पण आत्या, खरं सांगू? तो सरदार मला कधी आवडला नव्हता. ताठ मानेने गुलाबांवर भांडणारा माणूस. आणि हा बुटका, नाक वाकडं, तोंडाने वाचाळ, दुसऱ्याची विजार घालून, काठीचं एक टोक धरून पाऊसपाण्यात चाललाय, आणि दुसऱ्या टोकाला धन्याची गरोदर मुलगी... माफ करा, पण असा पूर्वज मिळावा म्हणून लोक देवाला नवस बोलतील. तेव्हा माझी एवढीच नम्र विनंती, की पाटीवरचा मजकूर बदलायची आपण परवानगी द्यावी. तुमचा होकार येईपर्यंत मी कशालाही हात लावणार नाही.

त्या न्यूयॉर्कच्या बाईंना आणि तुमच्या काठीला माझे नमस्कार. रागावला असाल तर राग पोस्टाने पाठवा, मीच आणून मला देईन.

तुमचा भाचा,
लामार स्विंट

ता. क. पाटी तयार झाली आहे. मजकूर गेल्या सोमवारीच ओतणाऱ्याकडे दिला होता. 'योहान याकोब आणि आना मारिया. दोघं मिळून इथे आले. हंडा घेऊन.' पितळेवर फार सुरेख उठलं आहे. वरची परवानगी मनापासून मागितली आहे, ती तरी द्यावी.

ता. क. दुसरा. पाटी उघडताना ती जाहिरात मेळाव्यापुढे मोठ्याने वाचायची आहे, आपल्या बोलीत. चारशे माणसं येतील, त्यात आता बोली येणारी नऊ, आणि आवाज असलेलं एकही नाही. तुम्ही येऊन वाचावी. बाक मी स्वतः धरून उभा राहीन.

ता. क. तिसरा, अर्डेलच्या हातचा. हेटीआत्या, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. रेडिंगला हा यंत्रासमोर घोरत होता. ते नाव मी पाहिलं. मला तुमची भाषा येत नाही, पण ज्या नावाशी लग्न केलं ते कुठल्याही लिपीत ओळखू येतं. कंबरही रताळ्याच्या वाफ्यात नाही, दुसऱ्या दिवशी बुटांची नाडी बांधताना धरली. बाकीचं बरंचसं खरं आहे. एक त्याने लिहिलं नाही, ते मी लिहिते. मिस सेविलांकडून परत येताना (मी शेजारीच बसले होते) रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तो एकटाच बोलत बसला, तुमच्या बोलीत. त्याची आई गेल्यापासून मी ती त्याच्या तोंडून ऐकली नव्हती. बराच वेळ बोलला, मध्ये मध्ये थांबायचा, कोणी उत्तर देईल म्हणून. मी स्क्रँटनच्या आयरिश घरातली. चौतीस वर्षांत तीन शब्द शिकले, त्यातले दोन चर्चमध्ये चालत नाहीत, आणि तिसरा म्हणजे 'बटाटा'. तोच म्हटला. तो हसला, पण मला कळलं. जाहिरातीचं निमित्त आहे, आत्या. समारंभाला महिनाभर आधी या आणि स्वयंपाकघरात बसून त्याच्याशी तुमच्या बोलीत भांडा.